गाडी धूर मारायली

भोकरदनला अजून रेल्वे आलेली नाही. जालना ते जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, ७,१०६ कोटींचा आकडा जाहीर झाला, राजूर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा अशी गावांची नावंही पेपरात छापून आली. रेल्वे येईल तेव्हा येईल. तोवर या तालुक्याचा सगळा संसार डांबरावर, आणि डांबर नाही तिथे मुरुमावर चालतो. जालन्याचा दवाखाना, संभाजीनगरचं हायकोर्ट, पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार, राजूरच्या गणपतीची अंगारकी, सिल्लोडकडची सोयरीक, जायचं ते चाकांवरच. म्हणून इथल्या माणसाला गाडी ही हौस कमी आणि गरज जास्त. गरजेची वस्तू माणूस कशी वापरतो ते सांगायला नको. मोडेपर्यंत.

गावाबाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्याला चार-दोन गॅरेजं लागतात. पत्र्याचं शेड, समोर ऑइलने काळी झालेली जमीन, एखादी बोनेट नसलेली बोलेरो, कडेला कुणी न्यायला न आलेलं इंडिकाचं धूड. गाडीवाला मिस्त्रीला काय सांगतो ते इथे उभं राहून ऐकावं. तो कधीच सुट्या भागाचं नाव घेत नाही, गाडीची वागणूक सांगतो. ‘धूर मारायली.’ ‘ॲव्हरेज देईना.’ ‘पिकअप गेलं.’ ‘मिसिंग करायली.’ ‘ऑइल खायली.’ ‘गरम व्हायली.’ एवढ्या पाच-सहा वाक्यांत तालुक्यातल्या बहुतेक इंजिनांची कैफियत मावते. आणि या सहाही तक्रारींचा पुरावा एकाच ठिकाणी सापडतो, सायलेन्सरच्या तोंडाशी.

जुना मिस्त्री म्हणूनच बोनेट उघडायच्या आधी गाडीच्या मागे जातो. कुणाला तरी रेस द्यायला सांगतो आणि सायलेन्सरपुढे तळहात धरतो. हातावर कोरडी काजळी आली तर डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी मिळतेय. चिकट, तेलकट ठिपके आले तर ऑइल जळतंय. नुसता ओलावा आला तर तो हात नाकाशी नेतो. वास गोडसर असेल तर कुलंट इंजिनात उतरलंय. मग हात चिंधीला पुसतो आणि मालकाकडे बघतो. त्या बघण्यावरून मालकाला खर्चाचा अंदाज येतो.

काळ्या धुरापासून सुरुवात करू, कारण तो इथे सगळ्यात जास्त दिसतो. डिझेल इंजिनाला डिझेलच्या मानाने हवा भरपूर लागते. ती कमी पडली की इंधन अर्धवट जळतं आणि काजळी बाहेर पडते. हवा कमी का पडते? टर्बोचा रबरी होज फाटलेला असतो, ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अडकलेला असतो, इंजेक्टर फवारा मारण्याऐवजी थेंब टाकत असतो. पण या सगळ्यांच्या आधी बघायचा तो एअर फिल्टर. भोकरदनच्या काळ्या मातीचा उन्हाळ्यात जो फुफाटा होतो, तो पाहिलेल्या माणसाला फार समजवावं लागत नाही. मक्याच्या मळणीचे दिवस, रस्त्याची कामं, खडी क्रशरचा परिसर, यात कंपनीच्या पुस्तकातलं ‘इतक्या किलोमीटरला फिल्टर बदला’ हे वेळापत्रक काही कामाचं नसतं. ते पुस्तक स्वच्छ रस्ता डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं.

त्यात आपली एक खास सवय. फिल्टर काढायचा, पंक्चरच्या दुकानात न्यायचा आणि हवेच्या नळीने फडफड झाडून परत बसवायचा. काहीशे रुपये वाचतात. पण तो फिल्टर कागदाचा असतो. जोरदार हवेने त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि मग धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. धुळीत वाळूचे कण असतात. ते पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत दोन्ही घासतात. आज काळा धूर होता म्हणून फिल्टर झाडला, वर्ष-दीड वर्षाने निळा धूर येतो. फिल्टरचे वाचवलेले पैसे ‘हाफ इंजिन’च्या बिलात व्याजासकट वसूल होतात.

निळा धूर म्हणजे ऑइल जळणं. यात तो कधी येतो हे महत्त्वाचं, आणि मालकानेच ते पाहायला हवं, कारण मिस्त्री त्या वेळी गाडीत नसतो. सकाळी पहिल्या स्टार्टला भपकन निळा लोट आला आणि नंतर बंद झाला, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील कडक झालेत. रात्रभर ऑइल हळूहळू खाली झिरपून बसलेलं असतं. अजिंठ्याचा घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला असतो आणि खाली येऊन पुन्हा पाय दिला की निळं दिसतं, तेव्हाही रोख तिकडेच. चढावर, ओझं असताना, सतत निळा धूर असेल तर रिंगा. टर्बोवाल्या गाडीत तिसरी शक्यता, टर्बोचं सील. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेतो आणि त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. जालन्याहून सुसाट आलेला माणूस दारात गाडी उभी करून त्या क्षणी चावी फिरवतो. इंजिन थांबतं, ऑइलचा दाब जातो, पंखा मात्र तापलेल्या अवस्थेत आणखी काही क्षण फिरत राहतो. उतरायच्या आधी मिनिटभर इंजिन चालू ठेवायला पैसे लागत नाहीत. तरी ते कुणी करत नाही.

पांढऱ्या धुराबद्दल गैरसमज फार. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून वाफ निघते, थेंब गळतात, आणि नवी गाडी घेतलेला माणूस घाबरून गॅरेज गाठतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणीच तयार होतं. एरवी ते वाफ होऊन निघून जातं. सायलेन्सर गार असला की थेंब होऊन गळतं. यात दोष काही नाही. दोष तिथे आहे जिथे गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालते. तिचा सायलेन्सर कधी पुरता तापतच नाही, पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून सडतो. वरून रंग शाबूत, खाली बोट दाबलं तर आरपार.

इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कुलंट कमी होत असेल, तर मात्र प्रकरण हेड गॅस्केटचं आहे. इथे भोकरदनची खास कथा सुरू होते, आणि ती बोअरच्या पाण्याची आहे. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी जड. भांड्यांवर, नळांवर जो पांढरा क्षार बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, ए.सी. चालू, गाडीत लग्नाला निघालेली सात माणसं, आणि रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू आणि किडे अडकलेले. काटा वर जातो. गाडी थांबते. शेजारच्या मळ्यातून घागरभर पाणी येतं. गॅरेजात मग हा संवाद ठरलेला असतो:

‘पाणी कोणतं टाकलं?’

‘बोअरचं, दुसरं कुठलं?’

‘कवापासून?’

‘घेतली तवापासून. कुलंट काय, कंपनीवाल्यांचा धंदा हाय.’

धंदा नक्कीच आहे, पण कुलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नव्हे. त्यातला ग्लायकॉल पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतो, आणि गंजरोधक रसायनं ॲल्युमिनियमचं हेड आणि वॉटर पंप वाचवतात. जुन्या जीपचं जाडजूड बिडाचं इंजिन बोअरचं पाणी काही वर्षं सोसायचं. आजच्या हलक्या ॲल्युमिनियमच्या हेडला ते सोसत नाही. एकदा जोरात तापलं की हेड वाकतं, गॅस्केट फुटतं, पाणी ऑइलमध्ये जातं. ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. आतून ताक घुसळल्यासारखा पांढरट फेस दिसला तर गाडी तिथेच बंद करा, घरापर्यंतही नेऊ नका. फक्त रोज छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या झाकणाला हिवाळ्यात थोडा फेस धरतो, तेवढ्याने घाबरू नये. कुलंट कमी होतंय का, ते सोबत बघायचं.

यावर आपल्याकडचा एक जुना तोडगा आहे: थर्मोस्टॅट काढून टाकणे. गाडी तापते ना, मग पाण्याची वाट मोकळी करून टाका. उन्हाळा निघून जातो, मालक खूश. पण त्यानंतर इंजिन हिवाळ्या-पावसाळ्यात हव्या त्या तापमानाला पोचतच नाही. थंड इंजिन जास्त इंधन पितं, ऑइलमध्ये गाळ धरतो आणि ‘ॲव्हरेज देईना’ ही दुसरी तक्रार घेऊन तोच माणूस त्याच गॅरेजात येतो. थर्मोस्टॅट काढल्याचं तोवर दोघेही विसरलेले असतात.

इथवरच्या तक्रारी पन्नास वर्षांपूर्वीच्या जीपवाल्यालाही कळल्या असत्या. आता जे सांगायचंय ते वेगळं आहे, आणि माझ्या मते तालुक्याच्या गाड्यांचं खरं दुखणं तेच आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं. बीएस-४ वरून मधली पायरी सोडून थेट उडी मारली. आपण बातमी वाचली, ‘प्रदूषण कमी होणार’ म्हणालो आणि विसरलो. गाडीखाली मात्र सगळं बदललं. त्याआधीची दहा-पंधरा वर्षं फियाटच्या १२४८ सीसी डिझेल इंजिनाची होती. स्विफ्टला तेच, डिझायरला तेच, इंडिका व्हिस्टालाही तेच. लोक त्याला गमतीने देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीचा त्या इंजिनावर हात बसला होता. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, आणि उरलेल्या कंपन्यांच्या डिझेल गाड्यांखाली डीपीएफ नावाची गाळणी आली.

ही गाळणी काजळी अडवते आणि ठरावीक भरली की सहाशे अंशांच्या आसपास तापून ती जाळून टाकते. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, साठाच्या वर वेगाने पळावी लागते. आता तालुक्यातली गाडी कशी चालते बघा. घरापासून मळा चार किलोमीटर. मळ्यातून बाजार पाच. मधे पोराला शाळेतून आणायचं. गाळणीला तापायची संधीच मिळत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. मालक तो दिवा आठवडाभर बघतो आणि मग बघणं सोडतो. इकडे गाडी गाळणी साफ करायच्या प्रयत्नात जास्तीचं डिझेल सोडत राहते, प्रत्येक वेळी अर्ध्यावर चावी बंद होते, आणि न जळलेलं डिझेल झिरपून खाली ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिक काढली तर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. यावर खूश होणारे मालक आहेत. ऑइल पातळ झालेलं असतं, आणि पातळ ऑइलवर बेअरिंगं टिकत नाहीत.

यावरचा उपाय औषधाच्या बाटलीत नाही. आठवड्यातून एकदा गाडी गरम करून राजूरपर्यंत एका दमात, एका वेगात नेऊन आणा. संकष्टीचं पुण्य आणि गाळणीची सफाई एकदमच. आणि ज्याचं रोजचं फिरणं दहा किलोमीटरच्या आत आहे, त्याने डिझेल गाडी घेऊच नये. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही.

गॅरेजात मात्र याला दुसरा उपाय मिळतो: गाळणी फोडून रिकामी करायची आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधून तिचं नावच काढून टाकायचं. पेट्रोल गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचंही तेच. जाळीदार चिनी मातीचा तो ठोकळा, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा लेप; तो फोडून साधा पाइप जोडला की पिकअप वाढतं अशी समजूत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, वॉरंटी जाते ती वेगळीच. पण मला त्याहून मोठा तोटा दिसतो तो हा की कन्व्हर्टर चोक होणं हा रोग नसतो, ते लक्षण असतं. मिसिंग करणाऱ्या गाडीचं कच्चं पेट्रोल किंवा जळकं ऑइल त्याच्यापर्यंत पोचलं म्हणून तो वितळला. तो काढून टाकला की मूळ रोग चालूच, फक्त ओरडणारं तोंड बंद झालं.

युरियाचीही तीच गत. काही मोठ्या डिझेल गाड्यांना आणि ट्रकांना डीईएफ लागतं, म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. शेतकऱ्याच्या घरात युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांत येते, मग बादलीत घोळून घरीच का करू नये? कारण शेतीचा युरिया २०१५ पासून शंभर टक्के निंबोळीचा लेप दिलेला असतो. तो तेलकट लेप आणि बोअरच्या पाण्यातला क्षार मिळून महागडी यंत्रणा कायमची बुजवतात. अनुदानाचं खत गाडीत ओतणं बेकायदा आहेच.

कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनमच्या लेपाला किंमत आहे हे मालकाच्या आधी चोरांना कळलं. महाराष्ट्रात ठिकठिकाणी मारुती इकोचे सायलेन्सर चोरीला जाण्याच्या बातम्या काही वर्षांपासून येतात. गाडी जागेवर, काच फुटलेली नाही; सकाळी स्टार्ट केली की ट्रॅक्टरसारखी गरजते. खाली वाकून बघावं तर सायलेन्सरच नाही. चोर आतली ‘माती’ काढून विकतात. इकोवाल्यांनी रात्री गाडी भिंतीला लावून उभी करावी किंवा खाली लोखंडी पिंजरा ठोकून घ्यावा.

सायलेन्सर फुटल्यावर नुसता आवाज वाढतो असं समजणं मात्र जिवावर बेतू शकतं. मॅनिफोल्डच्या गॅस्केटपासून मागच्या टोकापर्यंत कुठेही गळती असली आणि केबिनच्या तळाला भोक असलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. लग्नाच्या वऱ्हाडात ड्रायव्हर रात्री काचा बंद करून, ए.सी. लावून गाडीतच झोपतात. ही सवय मोडायलाच हवी. त्यातही सायलेन्सर फुटका असेल तर ती झोप शेवटची ठरू शकते.

अलीकडची मोठी तक्रार इथेनॉलची आहे. ‘वीस टक्क्यांचं पेट्रोल आलं आणि ॲव्हरेज गेलं.’ ही तक्रार खोटी नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाच सुमारे एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवून ई-१० ला, म्हणजे दहा टक्के इथेनॉलला, जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज ई-२० वर सहा-सात टक्क्यांनी घटेल, ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या गाडीचं एक-दोन टक्क्यांनी. ॲव्हरेज थेट निम्मं झालं म्हणणाऱ्याने मात्र इथेनॉलला शिव्या देण्याआधी प्लग, फिल्टर आणि टायरची हवा बघावी. जुन्या गाड्यांचे रबरी होज आणि सील इथेनॉलने कडक होतात किंवा फुगतात. ते बदलून घ्यावेत. आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धवट ठेवू नये.

गंमत अशी की या इथेनॉलमधला बराचसा वाटा आता मक्याचा आहे, आणि मका हे भोकरदन-सिल्लोड पट्ट्याचं हक्काचं पीक. एका टनातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं. म्हणजे क्विंटलभर मक्याचं ३८ लिटर, आणि ते मिसळून १९० लिटर ई-२० होतं. ॲव्हरेज गेलं म्हणून गॅरेजात करवादणारा शेतकरी मोंढ्यात मक्याला भाव मिळावा म्हणूनही भांडत असतो. दोन्ही भांडणं रास्त आहेत.

इंधनातल्या भेसळीचा काळा काळ मात्र या पिढीने पाहिलाय. रेशनचं रॉकेल डिझेलमध्ये मिसळून काळीपिवळी जीपगाड्या चालायच्या; रॉकेलला डिझेलइतका ओशटपणा नसतो, त्यामुळे पंप आणि इंजेक्टर घासून जायचे. त्या धंद्याची पाळंमुळं किती खोल होती ते २५ जानेवारी २०११ रोजी दिसलं, मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं तेव्हा. रेशनचं रॉकेल आटलं तशी ती भेसळही ओसरली.

आणि पीयूसी? नियम स्पष्ट आहेत. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल कारला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के, हायड्रोकार्बन २०० पीपीएम. बीएस-४ च्या डिझेल गाडीला धुराची घनता ५० एचएसयू, त्याआधीच्या डिझेलला ६५. नळी सायलेन्सरमध्ये नीट घालून, इंजिन गरम करून मोजलं तर हा कागद मालकासाठी फुकटातला रक्ततपासणी अहवाल आहे. आपण तो पोलिसाला दाखवायचा ताईत करून ठेवला. आकडे कुणी वाचत नाही, मागच्या कागदाशी जुळवून तर मुळीच नाही. अर्थात चाचणीला फसवणं ही केवळ गल्लीतली कला नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनने जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख डिझेल गाड्यांत चाचणी ओळखणारं सॉफ्टवेअर घातल्याचं उघड झालं. आपल्या राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये कंपनीला ५०० कोटींचा दंड सुनावला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर सक्तीची कारवाई थांबवली. संभाजीनगरजवळ शेंद्र्याला ज्या समूहाचा कारखाना आहे, तोच हा समूह.

पुराच्या पाण्याचं दोन वाक्यांत सांगतो, कारण केळना आणि गिरजा या नद्या दरवर्षी कुणा ना कुणाची गाडी घेतातच. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या ओल्या गाडीचं फुल इंजिन काम होऊन बसतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गाडी बदलली, गॅरेज बदललं नाही, आणि याचा दोष मिस्त्रीला देणं मला अन्यायाचं वाटतं. तो उस्तादाच्या हाताखाली पान्हे पुसत शिकला. आवाजावरून टॅपेट ओळखणारा हा माणूस अडाणी नाही. पण डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात स्कॅनर लावून ‘पी ०४२०’ असा कोड आला तर त्याचा अर्थ कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय एवढाच असतो, कन्व्हर्टर बदला असा नसतो. ‘पी ०३००’ म्हणजे मिसिंग आहे, का आहे ते शोधायचंच आहे, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. कोड पुसायचा, दिवा घालवायचा, पाचशे घ्यायचे, एवढंच स्कॅनरवाल्याने त्याला दाखवलं. चार दिवसांनी दिवा परत. मालकालाही निदान नको असतं, दिवा गेलेला हवा असतो. अधिकृत वर्कशॉप गाठायचं तर जालना नाहीतर संभाजीनगर, म्हणजे एक दिवस गेला आणि बिल वेगळं. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे ट्रेड आहेत, ते पोरांसाठी. पंचवीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसासाठी आठ दिवसांचा संध्याकाळचा वर्ग, त्यात डीपीएफ, सेन्सर आणि कोड वाचणं, एवढं तालुक्याच्या गावी झालं तर निम्म्या गाड्यांच्या गाळण्या फुटायच्या वाचतील. वाहन कंपन्यांनी, आयटीआयने, गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी हे मनावर घ्यावं.

दिवाळीच्या सुमारास कापूस-मक्याचा पैसा हातात येतो आणि जुनी गाडी घ्यायचे बेत होतात. संभाजीनगर, पुणे, मुंबईच्या गाड्या येतात, दिल्लीच्याही येतात. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर लवादाने आणि सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातल्यापासून एनओसी घेऊन त्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जातात. रंग चकाचक, सीटकव्हर नवं, मीटर कमी. त्या चकाकीकडे बघू नका. सोबत मिस्त्रीला न्या आणि स्कॅनर लावायला सांगा. कोड एकही नसेल, पण ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ दहा-वीस किलोमीटरच दाखवत असेल, तर दिवा कालच घालवलाय. ऑइलचं झाकण उघडा, डिपस्टिक पाहा, कुलंटच्या डब्यात कुलंट आहे की बोअरचं पाणी ते पाहा. सायलेन्सरपुढे हात धरा. आणि सगळ्यात आधी, गाडी बघायला सकाळी लवकर जा, न कळवता जा, आणि पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवा. ते गरम लागलं तर गाडी तुमच्यासाठी आधीच चालू करून, पहिला धूर काढून ठेवलेली आहे. चहा प्या, परत या, आणि सौदा दुसऱ्या दिवशीच्या थंड इंजिनावर टाका.